कोऱ्या कागदाआधी काठवट

(वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मन जड झालं असेल तर चित्राचं नाव काढू नका, आधी हाताला काहीतरी द्या. त्यावर १७ पत्रं आली, त्यांतली दोन तर नुसती भांडायला. पाच इथं घेतली आहेत. नेहमीचं पुन्हा सांगते. मी अंबाजोगाईत ३२ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर कला-उपचाराचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. मी डॉक्टर नाही.

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. माझं वय ४६. माहेर औशाचं, सासर केज. माय जाऊन दीड वर्ष झालं. शेवटचे सात महिने ती माझ्याकडंच होती, अंथरुणाला खिळलेली. ती गेल्यापासून घरातलं सगळं करते, पण माझी मी नसते. रडू येत नाही. लेकीनं रंगांचा डबा अन् वही आणून दिली, ‘मनातलं काढ’ म्हणाली. रोज दुपारी वही उघडते, कोरा कागद बघते, बंद करते. मनात काही हायच नाही असं वाटायलंय. माझ्यात काही कमी आहे का?
(एक वाचक, केज)

उत्तर : ताई, कमी काही नाही. लेकीनं मायेनं आणलं, पण काम अवघड दिलं. ‘मनातलं काढ’ हा चित्रकलेतला सगळ्यात कठीण गृहपाठ. मी तो वर्षानुवर्षं पोरांना देत आले आणि वर्षानुवर्षं दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी हेच तपासत आले. मन हाक मारली की ओ देतंच असं नाही.

माझंच सांगते. आमचे हे २०११ मध्ये गेले. शाळेत फळ्यावर माझा हात चालायचा, कारण तिथं कमळ काढायचं आहे की घागर, हे ठरलेलं असायचं. घरी आले की ब्रश उचलायचा आणि परत ठेवायचा. आठ महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी भाकरी करायला बसले. ज्वारीचं पीठ जुनं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, म्हणून उकळतं पाणी घालून मळत होते. पीठ पोळत होतं आणि मी हात काढत नव्हते. कितीतरी दिवसांनी मला काहीतरी लागलं होतं. गोळा काठवटीत थापायला घेतला तर तो थापण्याचा आवाज ऐकू आला. आवाज रोजचाच होता, रोज ऐकायला मी तिथं नसायचे. त्या दिवशी भाकरी राहिलीच. त्याच गोळ्यावर तळहात दाबायचा, ठसा बघायचा, मोडायचा, परत दाबायचा, असं पाऊण तास चाललं. सासूबाई दारातून म्हणाल्या, ‘काय करायलीस गं?’ मला सांगता आलं नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. भूक मात्र लागली. सासूबाईंनी मग सकाळची भाकरी आणि ठेचा वाढला, तो मी चवीनं खाल्ला.

हे असं का झालं ते पुढं अभ्यासक्रमात कळलं. सॅन्ड्रा कॅगिन आणि व्हिजा ल्युसेब्रिंक या दोघींनी १९७८ मध्ये कला-उपचारासाठी एक मांडणी केली. घरगुती भाषेत सांगायचं तर ती शिडी आहे. खालच्या पायरीवर हालचाल, स्पर्श, वास, आवाज. मधल्या पायरीवर आकार आणि भावना. सगळ्यात वर विचार, आठवणींचे अर्थ, प्रतीकं. लेकीनं तुम्हाला एकदम माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, बोलावलं, शिडी मात्र खाली आडवी पडली आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे, ती तुम्ही ओलांडून गेलात. सात महिने तुम्ही आईचं अंग पुसलं, कुशीवर वळवलं, घास भरवले. ते काम एका दिवसात बंद झालं. हातांना कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा वही कपाटात ठेवा. रानातून काळ्या मातीचं एक ढेकूळ मागवा. उन्हात वाळवून कुटा, चाळा (चाळणी जुनी घ्या, नाहीतर मग सासूबाईंचं ऐका), रात्रभर भिजवा. सकाळी वरचं पाणी ओता आणि उरलेला गारा जुन्या सुती लुगड्यात बांधून टांगा. पाणी गळून कणकेसारखं झालं की काठवटीत घ्या. हाताला जखम असेल तर त्या दिवशी माती नको, धनुर्वाताची भीती असते. वीस मिनिटं नुसतं मळा. काही बनवायचं नाही. गार आहे का, कुठं खडा लागतो, दाबल्यावर कसा आवाज येतो, वास पावसासारखा आहे की विहिरीसारखा, एवढंच. बैल, चूल, देव काही आपोआप व्हायला लागलं तर होऊ द्या. नाही झालं तर झाकून ठेवा आणि हात धुवा. हात धुणंही सावकाश, तेही त्यातलंच.

वाळल्यावर तडे जाणार, हे आधीच सांगून ठेवते. आपली ही माती बेसॉल्ट झिजून झालेली, पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. अभ्यासक्रमात पुण्याच्या बायकांनी विकतच्या पाकिटातली माती आणली होती, त्यांची भांडी गुळगुळीत. माझा बैल तिसऱ्या दिवशी पाठीतून फुटला. मला लाज वाटली होती. कुंभार उगीच राख आणि लीद मिसळत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवर चित्राखाली जो मातीचा गिलावा आहे त्यातही भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेले आहेत, आणि पाचव्या शतकातली पहिल्या लेण्यातली पद्मपाणीची चित्रभिंत त्यावर अजून उभी आहे. तुम्ही थोडी बारीक वाळू आणि पिंजलेला कापूस मिसळा. तरी तडा गेला तर ओलं बोट फिरवून बुजवा. परत जाईल. परत बुजवा.

आईचं लुगडं, तिची वाटी, तिच्या औषधाच्या वासाचा टॉवेल, हे काही इतक्यात काढू नका. आठ-दहा दिवस माती झाली की मला कळवा, मग बोलू. मध्येच कधी, गॅस पेटवताना किंवा बाजारात, डोळ्यांतून पाणी आलं तर ते मातीचं काम चुकलं म्हणून आलं असं समजू नका.

लेकीला पुरावा हवा असेल तर हे सांगा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढ माणसांना माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद देऊन ४५ मिनिटं मनासारखं काम करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झालं, आणि ज्यांना चित्रकला येत होती व ज्यांना येत नव्हती त्यांच्यात विशेष फरक दिसला नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते. मात्र ३९ माणसं म्हणजे आमच्या एका वर्गातल्या पोरांपेक्षाही कमी, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. तेवढ्यावर कुणी ‘कलेनं आजार बरा होतो’ म्हणत असेल तर त्याच्याकडून काही विकत घेऊ नका.

झोप पूर्ण उडाली, जेवण तुटलं, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर मातीची वाट बघायची नाही. डॉक्टरकडे जायचं.

प्रश्न : बाई, मी किल्लारी भागातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माळवद कोसळलं. आजी आणि धाकटी बहीण गेली, मला तीन-चार तासांनी काढलं. आता लातूरला नोकरी आहे, सगळं ठीक आहे. मागच्या महिन्यात पोरीसोबत मातीकामाच्या शिबिरात गेलो. ओला गोळा हातात घेतला अन् छाती धडधडायला लागली, घाम फुटला, बाहेर पळालो. पोरगी रडायला लागली. सगळे म्हणतात मातीनं मन शांत होतं. माझंच उलटं का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : वरचं उत्तर तुम्ही वाचलं असेल तर ते तुमच्यासाठी नाही, हे आधी सांगते. माझ्यासारखी माणसं माती, माती करत सुटतात आणि समोर कोण बसलंय ते विचारत नाहीत. त्या शिबिरातही कुणी विचारलं नसणार.

तुमचं उलटं नाही. जो दरवाजा केजच्या ताईंसाठी उघडायला बघतेय, तोच तुमचा एका धक्क्यात उघडला. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढं जातात. वासाला तो नाका लागत नाही. नाकामागच्या गंधकेंद्रातून तो भीती आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत जवळजवळ थेट पोचतो. ‘हे शिबिर आहे, ही माती विकतची आहे’ हे शब्द तयार व्हायच्या आत तुमचं शरीर त्या पहाटे जाऊन पोचलेलं असतं. पहिल्या पावसाचा जो मातकट वास, तो बराचसा मातीतल्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि माणसाचं नाक ते अगदी कणभर असलं तरी ओळखतं. मृद्गंधावर आपल्याकडं कविता इतक्या झाल्या, पण दगडमातीची जड घरं अंगावर घेतलेल्या गावांना तो वास कसा येतो, हे फारसं कुणी विचारलं नाही. जवळपास दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आमच्याकडं अंबाजोगाईत मांडणीवरची भांडी खणखणली, आम्ही बाहेर आलो, आणि थोड्या वेळानं परत जाऊन झोपलो. हे मी आजही सहज सांगू शकत नाही.

‘सवयीनं जाईल’ म्हणून एकट्यानं घरी गोळा घेऊन बसू नका. भीतीला हळूहळू सामोरं नेण्याची पद्धत आहे, पण ती शिकलेल्या माणसासोबत करायची असते. इतक्या वर्षांनंतरही याच्यावर उपचार होतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. आधी नुसतं फोनवर बोलावंसं वाटलं तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे, सरकारी आणि मोफत, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. मराठीत बोला.

आणि पोरीसोबत काम करायचंच असेल तर कोरडं आणि मोकळं काहीतरी घ्या. सुतळी, अंबाडीचा दोर, तार, बाभळीच्या शेंगा. अंगणात बसा किंवा दाराजवळ, दार डोळ्यांना दिसलं पाहिजे. चप्पल काढून फरशीवर पाय टेका. धडधड सुरू झाली तर हातातलं खाली ठेवा, डोळे मिटू नका, आजूबाजूच्या निळ्या वस्तू मोठ्यानं मोजा, गार पाण्याचा तांब्या हातात धरा. डोळे मिटून श्वास घ्या असं शिबिरात सांगतात ना, ते तुम्ही टाळा. अंधार तुम्हाला पुरेसा झाला आहे. पोरीला सांगा, ‘बाबाला ओल्या मातीचा वास सहन होत नाही, बाबा दोरीचं काम करतो.’ का, ते ती मोठी झाल्यावर विचारेल.

प्रश्न : माझा पाच वर्षांचा मुलगा प्रत्येक चित्रात काळा रंग गिरगटतो. मोबाईलवर आलं होतं की काळा रंग म्हणजे मुलाच्या मनात नैराश्य. खूप काळजी वाटते.
(एक आई, हिंगोली)

उत्तर : खडूंच्या डब्यात काळाच सगळ्यात ठसठशीत उमटतो. पाच वर्षांच्या पोराला आपण ओढलेली रेघ दिसली याचाच आनंद असतो. तो जेवतो का, झोपतो का, खेळायला पळतो का, ते बघा. तिथं काही बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, चित्र बरोबर न्यायची गरज नाही. एका रंगावरून मनाचं निदान होत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा सहा महिने काळाच रंग वापरायचा. शेवटी विचारलं, तर म्हणाला, ‘बाई, म्हैस हाय.’ घरी चार होत्या.

प्रश्न : आपण स्पर्श, गंध, ध्वनी यांतून चित्र वगैरे जे सांगता ते पाश्चात्त्य खूळ आहे. आपल्या परंपरेत हे सारं आधीच सांगून ठेवलेलं असताना परक्यांची नावं कशाला?
(एक निवृत्त मुख्याध्यापक, परभणी)

उत्तर : सर, नाव परकंच आहे. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार क्षयानं आजारी पडून आरोग्यधामात पडून होते. तिथं स्वतः चित्रं काढू लागले, शेजारच्या रोग्यांनाही काढायला लावली, आणि १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनी वापरला. खाटेवर पडल्या पडल्या सुचलेल्या गोष्टीला मी खूळ म्हणणार नाही.

आपल्याकडचं म्हणाल तर माझ्या गावचंच देते. संतकवी दासोपंत (१५५१ ते १६१५) अंबाजोगाईचे. त्यांनी पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांच्या मिश्रणातून जग कसं घडतं, ते समजावून सांगायला पासोडी घेतली. लांबच लांब जाडंभरडं कापड, त्यावर ओळी आणि आकृत्या. आकाशाला शब्द, वायूला स्पर्श, तेजाला रूप, पाण्याला रस, पृथ्वीला गंध, ही जोडी त्या विचारातली. हा विषय कागदावर न मावता कापडावर पसरला, हे चित्रकलेची बाई म्हणून मला फार भावतं. पण दासोपंतांनी ते शोकावरचा उपाय म्हणून केलं नव्हतं. पाचांचा पसारा ओळखून त्यातून सुटावं, हा त्यांचा रोख. मी तर लोकांना उलट त्या पसाऱ्यात परत हात घालायला सांगतेय. ‘आधीच सांगून ठेवलं होतं’ म्हणून त्यांच्या नावावर माझं बिल फाडणं बरं दिसत नाही. जात्यावरच्या ओव्यांबद्दल म्हणाला असतात तर मी लगेच मान डोलावली असती. हाताची फेरी, दगडाची घरघर, पिठाचा वास आणि त्या लयीत बाईच्या तोंडून निघालेलं सासर-माहेर. ते कुणी ग्रंथात सांगून ठेवलं नव्हतं, पहाटे उठून दळावं लागायचं म्हणून झालं.

प्रश्न : बाई, मी एस.टी.त वाहक होतो, ३१ वर्षं. बरीच वर्षं लातूर-बीड मार्गावर. मधुमेहानं नजर गेली. आता उजव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळतो. मुलगा सकाळी रेडिओ लावून कामाला जातो. दिवसभर मी खुर्चीत. कधी कधी मी आहे का नाही तेच कळत नाही. शाळेत चित्रं बरी काढायचो. आता त्याचा काय उपयोग म्हणा. नात मासिक वाचून दाखवते, म्हणून लिहून घेतलं.
(एक वाचक, रेणापूर तालुका)

उत्तर : कंडक्टर साहेब, नातीला आधी माझा आशीर्वाद सांगा.

शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी हे मोठे चित्रकार. लहानपणापासून नजर अधू होती, १९५६-५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली. त्यानंतर ते कागद कापून चित्रं करायला लागले, हातानं चाचपून मूर्ती घडवल्या, आणि १९७२ मध्ये कलाभवनात फरश्यांचं मोठं भित्तिचित्र उभं केलं. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर माहितीपट केला आहे. नातीला मोबाईलवर शोधायला सांगा, तुम्ही नुसता ऐका. व्हिएन्नात व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षक अंध मुलांकडून मातीकाम करून घ्यायचे. त्यांना पुढं असं दिसलं की डोळस माणसांतही काहीजण मुळात डोळ्यांपेक्षा स्पर्शानं आणि अंगाच्या जाणिवेनं चित्र रचतात. तुम्ही त्यांतले असाल असा माझा अंदाज आहे. ३१ वर्षं हलत्या गाडीत उभं राहून सुट्टे पैसे मोजणाऱ्या माणसाच्या अंगाला काय काय ठाऊक असतं ते मला विचारू नका.

आधी एक तपासणी. मधुमेहात बोटांची टोकंही बधिर होतात. नातीला दाणेदार साखर, रवा आणि पीठ वेगवेगळ्या वाट्यांत द्यायला सांगा आणि चिमटीत ओळखा. ओळखता आलं तर बोटं कामाची आहेत. नाही आलं तर मुलाला सांगून डॉक्टरांना दाखवा, आणि सुई, कात्री, गरम पाणी यांना एकट्यानं हात लावू नका.

आता काम. मशीन यायच्या आधीचा तिकिटांचा पंच घरात कुठं पडला आहे का? नसेल तर कार्यालयात वापरतात तो एका भोकाचा साधा पंच स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, पण तो तुमच्यासारखा वाजत नाही. पंचाचं तोंड लहान, कागदाच्या मध्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या नातीकडून कापून घ्या. एक पट्टी म्हणजे एक टप्पा. लातूरपासून सुरुवात करा. रेणापूर, बर्दापूर, अंबाजोगाई, केज, नेकनूर, मांजरसुंबा, बीड. थांब्याला जवळजवळ तीन भोकं, सरळ रस्त्याला लांब लांब एकेक, खराब रस्त्याला वेडीवाकडी. मांजरसुंब्याच्या घाटात अंग कुठल्या बाजूला कलतं ते आठवा, खुर्चीत तसं कला, आणि भोक त्या कडेला मारा. पंच आधी दोनदा रिकामा वाजवायचा, सवय असेल तसा. तिकिटावर पाडायचात तेवढा दाब, जास्त नको. पट्ट्या नातीनं डिंकानं जोडायच्या. मग बोट लावून लातूरपासून प्रवास करून बघा, कुठं काही चुकलंय का. केजला चहाची टपरी असेल तर तिथं वेलचीचं साल चिकटवा. कुणी नेहमी चढणारी म्हातारी असेल, कुठं गाडी पंक्चर झाली असेल, ते तुमचं तुम्ही ठरवा, मला कळवलंच पाहिजे असं नाही.

परतीची फेरी वेगळ्या पट्टीवर करा. ती कधीच जातानासारखी नसते, हे तुम्हाला मी काय सांगणार.

पहिला रस्ता पुरा झाला की नातीकडून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी डोळे मिटून वाचीन. बर्दापूर कुठं आलं, ते मला बोटानं कळलं पाहिजे.